दारातली घंटा

पुष्कळ वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात घंटा ओतणारा एक ओतारी राहत होता. त्याची आई आंधळी होती. बायको नदीवरून परतली की आईला कळावं, म्हणून त्याने दारात एक घंटा टांगली होती. सून ती वाजवी आणि म्हातारी लगेच तिच्यासाठी पाट पुढे सरकवी.

पुढे सून तापाने गेली. वर्षभरात घंटाही तडकली, आणि घर मुकं झालं.

"लेका, तो आवाज एकदा ऐकव रे," आई म्हणे. ओताऱ्यालाही तोच ध्यास लागला होता.

त्याने नवी घंटा ओतली. ती चिरकी वाजली. लगेच त्याने धातूतलं कथील कमी केलं. पुढची बद्द वाजली, लगेच कथील वाढवलं. माणूस मोठा कष्टाळू, पण हात स्वस्थ ठेवणं त्याला ठाऊक नव्हतं. अशी तीन वर्षं गेली. तो आवाज जवळ यायचा सोडून लांबच जात राहिला.

शेवटी आई म्हणाली, "तू एका घंटेवर रुसतोस आणि राग दुसरीवर काढतोस. आता नऊ घंटा एकाच मापाने ओत. काही बदलू नकोस. मला नुसतं ऐकू दे."

ओताऱ्याने मोठ्या मुश्किलीने हात आवरला. नऊ घंटा ओळीने टांगल्या. म्हातारीने एकेक वाजवून पाहिली. सात जवळजवळ सारख्या वाजल्या.

"या दोघींचं काय बिघडलं होतं?" तिने विचारलं.

ओतारी आठवू लागला. त्या दोन साच्यांच्या वेळी आभाळ आलं होतं आणि साच्यांची माती ओलसर राहिली होती. तीन वर्षं तो कथलाला बोल लावत होता, आणि खोट होती ओलीत.

मग तो प्रत्येक साचा पुरते चार दिवस वाळवू लागला. साऱ्या घंटा एका सुरात वाजू लागल्या, फक्त हव्या त्या सुराहून किंचित खाली. तेव्हा कुठे त्याने चिमूटभर कथील वाढवलं, एकदाच.

नवी घंटा त्याने दारात टांगली आणि वाजवली. आईचा हात आपसूक पाटाकडे गेला. तिने तो पुढे सरकवला आणि मग तिला आठवलं, येणारं कोणी नाही. तिला रडू फुटलं. ओताऱ्याचेही डोळे भरून आले. तो आत आला आणि त्या पाटावर बसला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: प्रत्येक चुकीमागे धावणाऱ्याला काम साधत नाही, ते का बदलतं हे आधी शांतपणे पाहणाऱ्याला साधतं.