मागच्या सीटवरचे पाय

“दीक्षा कधी देणार, माई?”

गिरिजामाई राईचा पाला निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“गाडीचा हीटर झाला का?”

सुव्रत उठून गाडीकडे गेला.

माई मूळच्या मिरजेच्या. उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला त्यांचा लहानसा आश्रम होता. आश्रमाची एक जुनी जीप होती. आसपासच्या गावांतल्या आजाऱ्यांना तिच्यातून खाली इस्पितळात न्यायचं, हीच तिथली मोठी साधना, असं माई म्हणत. सुव्रत पुण्यातली इंजिनीअरची नोकरी सोडून आला होता, ध्यान शिकायला. वाट्याला आली ती ड्रायव्हरकी.

थंडी पडली आणि हीटर रुसला. गाडी पळत असली की कोमट हवा यायची, थांबली की गार. बचनीदेवींना थंडी सोसत नाही, तेवढं बघ, असं माईंनी सांगून ठेवलं होतं. बचनीदेवी खालच्या गावातल्या म्हाताऱ्या बाई. किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसवर होत्या.

त्या दुपारी सुव्रतने बॉनेट उघडलं. इंजिन गार होईपर्यंत थांबला, मग रेडिएटरचं झाकण काढलं. पाणी खाली गेलेलं. त्याने कूलंट भरलं, गाडीचं तोंड चढाकडे करून इंजिन चालू ठेवलं आणि अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ दिली. हीटरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून पाहिला. दोन्ही गरम. डॅशबोर्डच्या जाळीतून ऊन ऊन वारा येऊ लागला. कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

पुढच्या खेपेला त्याने आरशातून मागे बघत बचनीदेवींना विचारलं, गरम वाटतंय ना? त्या हसून हो म्हणाल्या. येतानाही हो म्हणाल्या.

दुरुस्ती माईंना दाखवायची म्हणून बाईंना घरी सोडण्याआधी त्याने गाडी वर आश्रमाच्या दारात आणली. माई बाहेर आल्या.

“हीटर झाला, माई.” हवा कुठे अडकली होती, ती कशी काढली, हे सगळं त्याने सविस्तर सांगितलं. माईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“त्यांना गरम लागतं का?”

“लागतं. मी विचारलं.”

माईंनी मागचं दार उघडलं. बचनीदेवींच्या पायातला मोजा हलकेच उतरवला. मग सुव्रतचा हात धरला आणि त्या पावलावर ठेवला.

पाऊल नदीतल्या दगडासारखं होतं.

...

“तुम्ही हो का म्हणालात?” त्याने बचनीदेवींना विचारलं. आवाज त्याच्याही नकळत खाली आला होता.

त्या ओशाळल्या. तू एवढा खपलास बेटा, म्हणाल्या, नाही कसं म्हणू?

सुव्रत गुडघ्यांवर बसला. पुढच्या सीटखालून मागे हवा नेणारी वाट असते, हे त्याला ठाऊक होतं. वाकून त्याने हात आत घातला. वाटेच्या तोंडाशी काहीतरी मऊ घट्ट कोंबलेलं होतं. त्याने ते ओढून काढलं.

त्याचं स्वतःचंच लोकरीचं आसन. बाई इस्पितळात असत तेवढ्या वेळात तो नदीकाठी ध्यानाला बसे. आसन मळू नये म्हणून त्यानेच ते तिथे गुंडाळून ठेवलं होतं.

तो बराच वेळ ते हातात धरून बसला. मग उलगडलं आणि बचनीदेवींच्या पायांखाली अंथरलं. त्या पाय आखडून घेऊ लागल्या. कुणाच्या पूजेच्या वस्तूवर पाय कसा ठेवायचा? त्याने दोन्ही पावलं आपल्या हातांनी उचलून त्यावर ठेवली. इंजिन चालू केलं आणि परत येऊन पावलं हातांत धरली. थोड्या वेळाने सीटखालून ऊब येऊ लागली, तरी त्याने हात काढले नाहीत.

माई दाराला टेकून उभ्या होत्या.

अंधारून आलं. बचनीदेवींना अजून खाली त्यांच्या घरी सोडायचं होतं. सुव्रत उठला. डोळे पुसले. दीक्षेचा प्रश्न ओठांशी आला, तो त्याने गिळला आणि वाकून बचनीदेवींचा मोजा परत त्यांच्या पायात चढवला.

माईंनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

“आज गाडी मी चालवते. तू मागे बस.”