शंखाची चाहती

फार मागे, देवळात वीज आली नव्हती तेव्हा, सभामंडपात काचेची एक नाजूक हंडी टांगलेली असे. गुरवानं शंख फुंकला की ती एकटीच थरथरे.

“त्यांचा नि माझा सूर एकच,” ती मिरवी. “तुम्हा पितळेला काय कळणार!”

“अगं बाई, सूर जुळतोय म्हणूनच भीती वाटते,” खालची समई म्हणे. “फार थरथरू नकोस.”

“जळतेस मेली!”

जत्रेच्या दिवशी एका दमात शंख लांबवायची रीत होती. गुरवानं छाती भरून घेतली.

“आणखी! आणखी!” हंडी ओरडली. सूर लांबला, थरथर वाढत गेली, आणि हंडीचे तुकडे समईच्या पायाशी पडले.

“दाद द्यावी तर अशी!” शंख म्हणाला, आणि नवी हंडी कधी टांगतात याची वाट पाहू लागला.