बाबलने भरलेली टाकी

"आणि ही?" रुझारमामांनी विचारलं.

"तिका हात लावूक नाय," मितेश म्हणाला.

"कित्याक?"

"ती बाबांनी भरलेली आसा."

मामांनी टाकीवरचा हात मागे घेतला.

रुझारमामा म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचे सगळ्यांत जुने पाणबुडे. पाठीला हवेची टाकी बांधून खडकापर्यंत जो कोणी खाली उतरला, त्याला पाण्यातला पहिला श्वास मामांनीच शिकवलेला. आता गुडघे गेलेत, पण बोटं अजून शाबूत.

त्यांचा एक रिवाज होता. पावसाळा सरला की ज्याला त्यांच्या होडीवरून पाहुण्यांना खाली न्यायचं असेल, त्याने आपलं सगळं सामान त्यांच्या अंगणात आणून उघडायचं. मामा हो म्हणाले तर होडी. नाहीतर पुढच्या वर्षी या.

मितेश हा बाबल मेतरचा मुलगा. बाबल आधी मामांचा चेला, मग वीस वर्षं जोडीदार. चार वर्षांपूर्वी काविळीने आठ दिवसांत गेला. समुद्राने नाही नेला, काविळीने नेला. तेव्हापासून त्याचं सामान माळ्यावर पेटीत पडून होतं.

आता मुलगा अंदमानात शिकून, मोठं सर्टिफिकेट घेऊन आला होता. शनिवारी मोसमाची पहिली फेरी. ती बापाच्याच सामानात मारायची, हे त्याने अख्ख्या वाडीला सांगून ठेवलेलं.

मी त्या दिवशी मामांच्या पडवीत सुका जवळा निवडत बसले होते. सगळं समोर झालं. खोटं कशाला सांगू, पोराने काम देखणं केलं होतं. चिरा पडलेल्या नळ्या काढून नव्या घातल्या होत्या. अंगात घालायचं जाकीट फुगवून दिवसभर टांगून ठेवलेलं, हवा तसूभर उतरली नव्हती. श्वास घ्यायचं यंत्र सुटं सुटं करून त्यावरची हिरवी बुरशी घासून काढली होती. आतली एकूण एक रबरी कडी नवी.

मामांनी नळी वाकवून बघितली. एक स्क्रू फिरवला. कडीवरून नख फिरवलं.

"तोंडात धरूचा रबर?"

"नवा."

"जुना खंय?"

मितेशचा हात शर्टाच्या खिशावर गेला. जुन्या रबरावर बाबलच्या दातांचे वण होते. मामांनी यंत्र खाली ठेवलं.

"हात बापाशीचोच आसा हो तुझो," ते म्हणाले.

पोराची छाती अशी फुगली, की ते जाकीटही लाजलं असतं!

पण टाकी मात्र तशीच होती. फक्त वरून पुसलेली.

"काटो बघा, मामा. पुरी भरलेली. चार वर्सां झाली, केसभर हलूक नाय. अशी टाकी किनाऱ्यार कोणाची आसा दाखवा!"

"गळ्यावरची तपासणीची तारीख?"

"अजून आठ महिने आसत."

"मगे माका तिचां पोट बघूक व्हया."

पोट बघायचं तर टाकी रिकामी करावी लागते. आत हवा असताना वरची चावी निघत नाही. चावी काढली, की मग आत बारीक दिवा सोडायचा आणि गंज धरलाय का बघायचं.

"दुसऱ्या कोणाची असती तर कधीच खोलली असती," मितेश म्हणाला. "बाबांच्या हातार माझो विश्वास आसा. तुमचो नाय?"

"नाय."

मितेशचा चेहरा लालबुंद झाला. "वीस वर्सां तुमच्याबरोबर उतरलेल्या माणसाक तुम्ही..."

त्याने टाकी उचलून खांद्यावर घेतली. "नको माका तुमची होडी."

मामांनी अडवलं नाही. तो अंगणाच्या टोकाला पोचला तेव्हा म्हणाले,

"शनवारी तुझ्याबरोबर कोण उतरतलो?"

"साताऱ्याकडची माणसां. नवरो-बायको आणि दोन मुली."

"धाकटी केवढी?"

"बारा वर्सांची."

"तेंका बाबल म्हायत आसा?"

मितेश तिथेच उभा राहिला. टाकी खांद्यावर.

मग तो मागे आला. मांडी घालून बसला, टाकी मांडीवर घेतली आणि आपल्याच हाताने चावी फिरवली.

सूंऽऽ करून हवा सुटली. माझ्या जवळ्यापाशी आलेल्या कोंबड्या पळाल्या. चार वर्षं आत बसलेली बाबलची हवा अंगणात आली आणि माडांत निघून गेली. काटा खाली खाली येत होता. चावी गार पडली, तिच्यावर दव धरलं. मितेशने डोळे मिटून घेतले होते.

मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. आवाज पुरता थांबेपर्यंत धरली.

मग चावी निघाली. दिवा आत गेला. मितेशने डोळा लावला.

"मामा!" पोर ओरडलंच. "बघा! घासलेल्या डब्यासारखी आसा! एक ठिपको नाय गंजाचो! सांगलंय नव्हता मी?"

मामा वाकले. गुडघे कुरकुरले, तरी वाकले. त्यांनीही डोळा लावला, आणि टाकीत बघण्यासारखं काही नसूनही बराच वेळ बघत राहिले. उठले तेव्हा हसत होते. बाबलच्या लग्नात हसले होते, तसे.

"फुकट घालवलात," मितेश म्हणाला. तो रडत होता, पण मान ताठ होती. "बाबांची हवा फुकट घालवलात तुम्ही."

मामा आतल्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "माझी टाकी आण. मीही उतरतलंय शनवारी. कालच भरलंय ती."

मितेशने टाकी आणून पुढे ठेवली.

"खोल."

"ही? ही तर तुम्ही स्वतः भरलेली. तुमची कशी खोलू?"

मामांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"तुझ्या बापाशीन दर वर्सा ह्याच आंगणात माझी टाकी रिकामी केल्यान. एक दिस माझ्यार विश्वास ठेवल्यान नाय. म्हणान तर वीस वर्सां मी तेच्याबरोबर खाली गेलंय."