इन्स्टॉल न करता

"मग मी जाऊ का नको, भन्ते?"

रेवतनं पुन्हा विचारलं.

भन्ते उपसेन विहाराची खोली झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आता मला सगळं एकट्यानं जमतं. तुम्ही बघितलंय."

केरसुणी कोपऱ्यात गेली. तिथला कचरा घेऊन परत आली.

रेवत श्रामणेर होता, म्हणजे अजून शिकत असलेला भिक्खू. संघात येऊन त्याला फार काळ झाला नव्हता. त्याआधी तो पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. अंगावर चीवर आलं तरी बोटं अजून तशीच भरभर चालायची. त्याला पुढच्या गावी एकट्यानं जायचं होतं, आणि भन्तेंची परवानगी मिळाल्याशिवाय ते होणार नव्हतं.

काम आमचं साधं होतं. म्हाताऱ्या बाया जात्यावर म्हणायच्या ती गाणी ऐकायची, लिहून घ्यायची, छापून ज्यांची त्यांना द्यायची. मी रोज तालुक्याहून एसटीनं यायचे आणि टाइप करायचे.

भन्तेंकडे लॅपटॉप नव्हता. फोनही नव्हता. झोळीत एक पेनड्राइव्ह होता. मराठी लिहायचा प्रोग्राम, आवाज ऐकायचा प्रोग्राम, पालीचा शब्दकोश, सगळं त्यातच. ज्या गावात जाऊ तिथल्या कुठल्याही संगणकाला तो लावायचा. शाळेचा असो, ग्रामपंचायतीचा असो. काही इन्स्टॉल करायचं नाही, कुणाचा पासवर्ड मागायचा नाही. तिथूनच उघडायचं, लिहायचं, बंद करायचं, काढून घ्यायचं.

भिक्खूनं मुक्काम सोडताना राहिलेली जागा झाडायची असते. सतरंजी घडी करायची, माठ भरून ठेवायचा, आणि ज्याची जागा त्याला सांगून निघायचं. भन्ते परक्या संगणकालाही हाच नियम लावायचे.

"भन्ते…" रेवत म्हणाला. "काहीतरी बोला ना."

"माठ भरलास?"

तेवढ्यात दाराची कडी अशी वाजली की माझ्या हातातला पेला सुटला. पाणी सगळं ओढणीवर.

घोडके बाई होत्या. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आठवडाभर आम्ही त्यांच्याच संगणकावर बसलो होतो.

"वंदामि भन्ते. माझ्या मशीनला काय झालंय ते बघा आधी! निकालाच्या सगळ्या फायलींची चित्रं बदललीत. उघडलं तर रकाने एकीकडं, मार्क एकीकडं. उद्या केंद्रावर द्यायच्यात मला. व्हायरस शिरला का काय?"

मी ओढणी पिळायची थांबले. शेवटी त्या मशीनवर मीच बसले होते.

भन्तेंनी केरसुणी भिंतीला टेकवली. रेवतकडे पाहिलं.

"व्हायरस नाही बाई," रेवत म्हणाला. "मी प्रोग्राम इन्स्टॉल केलाय. पेनड्राइव्हमधला तोच. चांगला आहे. फुकट आहे. कायमचा आहे."

"मला न सांगता?"

"पेनड्राइव्हवरून फार हळू चालत होता. आणि म्हटलं, आम्ही गेल्यावरही शाळेच्या उपयोगी पडेल…"

"पासवर्ड कुणी दिला तुम्हाला?"



"स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवलीय की, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला.

भन्ते म्हणाले, "श्रामणेर, दुसरं शील म्हण."

"अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि."

"म्हणजे?"

"न दिलेलं घेणार नाही." रेवतचे कान लाल झाले. "पण भन्ते, मी घेतलं कुठं? मी तर दिलं!"

"ठेवलंस कुठं?"

"संगणकात."

"जागा कुणाची?"

रेवतनं बाईंकडे पाहिलं.

मग हळूच म्हणाला, "विचारायचं काय त्यात? चांगल्या गोष्टीला कोण नाही म्हणतं?"

"मी म्हटलं असतं," घोडके बाई म्हणाल्या.

आम्ही सगळेच शाळेत गेलो. रविवार होता, पण निकालाच्या कामासाठी बाईंनी कुलूप उघडलेलंच होतं.

रेवतनं आधी बाईंना विचारायला तोंड उघडलं, मग वेळ जातोय असं वाटून खुर्ची ओढली. प्रोग्राम काढला. त्याच्यामागं राहिलेलं काढलं. जुनी मांडणी जशीच्या तशी परत आणली. खरं सांगायचं तर बघत राहावं असं त्याचं काम होतं.

बाईंनी एक फाइल उघडून पाहिली. दुसरी पाहिली. सुस्कारा टाकून त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"झालं," रेवत म्हणाला. "एक कण मागं नाही, भन्ते. आपण इथं येऊन गेलो हे या मशीनला सांगताही येणार नाही."

भन्ते पहिलीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर बसले होते. गुडघे पार हनुवटीजवळ आले होते.

"आता तरी जाऊ?"

भन्ते दाराकडे पाहत होते.

दारात लोचनाबाई उभी होती.

लोचनाबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. आम्ही जिची गाणी घेत होतो त्या गयाबाईंची ती सून. रोज भांडी घासून झाली की ओले हात लुगड्याला पुसत माझ्याशेजारी येऊन बसायची. मी तिला मराठी टाइप करायला शिकवलं होतं. सुरुवातीला एकेक अक्षर शोधायची. मग मी गाण्यांचं काम आटोपलं की 'जरा सरका ताई' म्हणायची आणि स्वतःच बसायची.

"शाळा उघडी दिसली म्हणून आले," ती म्हणाली. "पाच मिनिटं बसू का, बाई?"

घोडके बाईंनी मान डोलावली.

लोचनाबाई बसली. माउस हातात घेतला. आणि थांबली.

"ताई… माझं पांढरं का झालं हो?"

मी वाकून पाहिलं. तिच्या फायलीवरचं निळं चित्र गेलं होतं. तिथं नुसता कोरा कागद. तिनं दोनदा दाबलं. ही फाइल कशानं उघडू, असं मशीननं उलट तिलाच विचारलं.

तिनं चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"मी काही केलं नाही हं. मी कालपासून हातसुद्धा लावला नाही."

"तुम्ही नाही," रेवत घाईनं म्हणाला. "ज्यानं ते उघडायचं ते मी आत्ता काढलंय. फाइल आहे, लोचनाताई. गेलेली नाही."

"काय आहे त्यात?" भन्तेंनी विचारलं.

ती उठून उभी राहिली.

"सासूबाई सांगतात ते. गाणं नाही, भन्ते. नुसतं सांगणं. त्यांच्या आईला विहिरीवर चढू दिलं नव्हतं, तिथपासनं. कोण आडवं आलं, मग आईनं घागर कुठं ठेवली, सगळं. आधी सलग सांगायच्या. आता मधलंच विसरतात… मलाच विचारतात, पुढं काय झालं गं."

बाहेर हापशावर कुणीतरी पाणी काढत होतं. त्या खणखणाटानं मी दर वेळी दचकत होते.

रेवतनं भन्तेंच्या झोळीतून पेनड्राइव्ह मागून घेतला. लावला. त्यातला प्रोग्राम उघडला, त्यातून लोचनाबाईची फाइल उघडली.

अक्षरं आली. विहीर आली, घागर आली. लोचनाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच हसली.

"आहे की!"

"म्हटलं ना, आहे," रेवत म्हणाला. "आत्ता छापून देतो तुम्हाला."

"आणि उद्या?"

"उद्या काय?"

"मला पुढचं लिहायचंय ना. अजून त्यांच्या आईचं लग्नसुद्धा झालं नाही."

रेवत माझ्याकडे बघायला लागला. शाळेच्या जुन्या प्रोग्राममध्ये तिला मराठी लिहिता येत नव्हतं. आम्ही तर दुपारच्या गाडीनं निघणार होतो.

"मग परत इन्स्टॉल करून देतो. या वेळी विचारून. बाई, चालेल ना?"

"नाही," घोडके बाई खिडकीशी उभ्या राहूनच म्हणाल्या. "राग मानू नका. मला मशीनमधलं काही कळत नाही, आणि उद्या निकाल द्यायचाय. आता त्यावर काहीही ठेवायचं नाही."

"नुसतं एका कोपऱ्यात कॉपी करून…"

"काहीही नाही म्हटलं ना!"

रेवत भन्तेंकडे वळला.

"बघा. ठेवलं तरी चूक. काढलं तरी चूक. मग करायचं काय माणसानं?"

भन्ते लोचनाबाईकडे बघत होते.

"पुढच्या महिन्यात मी तालुक्याहून दुसरा पेनड्राइव्ह पाठवतो. सगळं भरून."

"गयाबाईंना पुढच्या महिन्यात किती आठवेल?" भन्तेंनी विचारलं.

लोचनाबाईनं खाली पाहिलं.

भन्ते बाकावरून उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. संगणकाजवळ आले. पेनड्राइव्ह तसाच लावलेला होता. त्याचा टोपणासारखा छोटा तुकडा रेवतनं टेबलावर काढून ठेवला होता. तो भन्तेंनी उचलला आणि लोचनाबाईच्या हातावर ठेवला.

"हे कशाला, भन्ते?" ती म्हणाली.

"झाकण आहे. बाकीचं लावलंयच."

मला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. लागला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच.

"भन्ते! त्यात सगळ्या गावांची गाणी आहेत!"

"तू रोज ती स्वतःला मेलनं पाठवून ठेवतेस ना?"

"हो. दोनदा."

"मग?"



लोचनाबाई मागं सरकली. "नको, भन्ते. तुमचं आहे ते."

"सकाळपर्यंत होतं."

मग ते घोडके बाईंकडे वळले. "बाई, हिनं रोज काम झाल्यावर इथं बसलेलं चालेल? हे मशीनवर काही ठेवत नाही. काढून घेतलं की याचं सगळं याच्याबरोबर जातं."

बाईंनी विचार केला. संगणकाकडे पाहिलं, लोचनाबाईकडे पाहिलं.

"आणि मी नसले, कुलूप असलं तर?"

"तर ही ग्रामपंचायतीत बसेल. नाहीतर संगणक असलेल्या कुणाच्या घरी. ज्याचं मशीन त्याला विचारून."

"मग बसू दे की," बाई म्हणाल्या. "माझी खिचडी करपवू नकोस म्हणजे झालं."

"इतक्या वर्षांत करपली का हो कधी?" लोचनाबाई म्हणाली. झाकण तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

रेवत हे सगळं बघत उभा होता. मला वाटलं तो आता काहीतरी बोलणार, भांडणार. त्या पेनड्राइव्हमधला शब्दकोश त्यानं स्वतः बसून भरला होता.

तो लोचनाबाईच्या खुर्चीशेजारी गेला. हात सवयीनं माउसकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला.

"लोचनाताई… काढताना एकदम ओढून काढायचा नसतो. नाहीतर लिहिलेलं खराब होतं. दाखवू का?"

"दाखवा की."

"तुम्हीच करा. मी नुसतं सांगतो."

त्यानं सांगितलं. आधी आपलं लिहिलेलं पेनड्राइव्हमध्येच ठेवायचं. मग प्रोग्राम बंद करायचा. मग मशीनला सांगायचं की आता काढते. ते हो म्हणेपर्यंत थांबायचं.

लोचनाबाई थांबली. श्वास रोखून. मीसुद्धा.

"हो म्हणालं!" तिनं पेनड्राइव्ह काढला, झाकण लावलं, पदराच्या गाठीत बांधला. मग पुन्हा सोडला, परत लावला आणि परत पहिल्यापासून सगळं करून पाहिलं. या वेळी रेवतनं काहीच सांगितलं नाही.

भन्तेंनी भिक्षापात्र खांद्याला अडकवलं.

"येतो, बाई. जागा दिलीत."

"पुन्हा या, भन्ते," घोडके बाई म्हणाल्या. आणि रेवतकडे बघून, "तुम्हीसुद्धा या. चिठ्ठी मात्र मी फाडणार आहे."

आम्ही पायऱ्या उतरलो. ऊन चढलं होतं. शाळेच्या फाटकापासून दोन रस्ते फुटत होते. एक एसटीच्या थांब्याकडे, दुसरा शेतातून पुढच्या गावाला.

भन्ते फाटकाशी थांबले.

"श्रामणेर, तुला जायचं होतं ना?"

रेवतनं चमकून पाहिलं.

"जा."

"एकट्यानं?"

"एकट्यानं."

सकाळपासून ज्यासाठी तो मागं लागला होता ते असं उन्हात उभ्याउभ्या मिळालं. त्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. तो वाकला. भन्तेंच्या पायांना हात लावून उठला. शेताच्या रस्त्याला लागला.

थोडा पुढं गेला, आणि परत आला.

"भन्ते…"

भन्ते थांबलेलेच होते.

"माझ्याजवळ आता काहीच नाही. तिथं गेल्यावर मी लिहू कशावर?"

भन्तेंनी चीवराचा पदर खांद्यावर घेतला.

"ते त्या गावाला विचार."