काळं माझं, हिरवं दुसऱ्याचं

“मेलेली फाइल तुम्ही उठवता असं ऐकलंय. खरं आहे, की लोक उगाच बोलतात?”

धुंडीबाबा मठाच्या ओसरीवर नखं कापत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कधी गेली?”

“मंगळवारी सकाळी.”

“आजारी होती?”

“पंधरा दिवस उघडायला वेळ घेत होती. मी लक्ष दिलं नाही. घाईत होतो.”

“हं...”

विचारणारा सुशांत वाघचौरे. वय अठ्ठावीस, पीएच.डी.चा विद्यार्थी. उजव्या मुठीत पेनड्राइव्ह. टेकडी चढून येईपर्यंत त्याने ती मूठ सोडली नव्हती. आत एकच फाइल होती : त्याचा प्रबंध, तीनशे बारा पानं, चार वर्षं. चार वर्षांत आपल्याकडे एखादा पूल बांधून होतो, पडतोही.

प्रबंध सोमवारी पाचच्या आत विद्यापीठात द्यायचा होता. नाही दिला तर नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्या अर्जापासून सुरुवात. आज गुरुवार होता.

बाबा मठात येण्याआधी वीस वर्षं तालुक्याच्या गावी डीटीपीचं दुकान चालवत. लग्नपत्रिका, प्रचाराची पत्रकं, लोकांचे प्रबंध. एक दिवस शटर ओढलं आणि वर आले. टेकडीवर येणाऱ्यांत निम्मे लोक अजूनही दर्शनाला नाही, फाइल घेऊनच येतात. बाबा दोघांनाही चहा देतात.

“दुसरी प्रत?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“कुणाला मेल केली असशील.”

“नाही.”

“तुझ्या सरांनी वाचली असेल.”

“पूर्ण झाल्यावर दाखवणार होतो. बाबा, आमच्या विभागात माणसं चांगली नाहीत. दोन प्रती केल्या असत्या तर एक कुणाच्या तरी हाती लागली असती. माझे विचार चोरले असते.”

“विषय काय?”

“अहंकारनाश : एक चिकित्सक अभ्यास.”

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मठाचा स्वयंपाक बघणारी यमाक्का सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मग तिने एक खडा उचलला, नीट बघितला आणि अंगणात टाकला.

बाबा उठले. आतल्या खोलीत उत्सवाच्या पत्रिका काढण्यासाठी कुणा भक्ताने दिलेला जुना कॉम्प्युटर होता. बाबांनी हात पुढे केला. सुशांतने मूठ उघडायला थोडा वेळ घेतला.

“दुकानात दाखवलीस?”

“तीन दुकानांत. पहिला म्हणाला, व्हायरस. दुसरा म्हणाला, ठेवून जा. तिसऱ्याने मला मोबाइलचं कव्हर विकलं.”

फाइल उघडली. पडद्यावर चौकोनच चौकोन. मधे एखादं प्रश्नचिन्ह, पुन्हा चौकोन.

बाबांनी ती बंद केली आणि सगळ्यात आधी तिची एक प्रत काढली.

“प्रत कशाला?” सुशांत पटकन म्हणाला.

“मेलेल्यावर प्रयोग करायचे तर दोन लागतात. एक बिघडवायला.”

“काम झालं की पुसाल ना?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. 

मग ते फाइल उघडायच्या खिडकीत गेले. तिथे एक यादी उलगडते. बाबा खाली गेले, आणखी खाली गेले. अगदी तळाला एक ओळ होती : कुठल्याही फाइलमधून फक्त मजकूर काढा. तीन दुकानांतलं कुणीच तिथपर्यंत उतरलं नव्हतं.

बाबांनी ती ओळ निवडली आणि हात मांडीवर ठेवले.

मशीन घरघरलं... थांबलं... पुन्हा घरघरलं.

अक्षरं आली.

सुशांत खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, तो खाली बसला. डोळे पुसले. “आलं,” तो म्हणाला. “सगळं आलं. बाबा, तुम्ही...”  तो बाबांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेला असतानाच त्याची नजर पुन्हा पडद्यावर गेली.

“तिरकं कुठे गेलं?”

“काय?”

“तिरकी अक्षरं. सगळं सरळ का दिसतंय?”

“फक्त मजकूर येतो. ठळक, तिरकं, मथळे, समास काही येत नाही. ते सगळं गेलं. तळटिपा शेवटी एका ढिगात आल्यात बघ. कुठली कुठे लागते ते सांगणारे आकडे नाहीत.”

सुशांतचा चेहरा उतरला. त्याचे मार्गदर्शक डॉ. पानवलकर. अवतरणचिन्हांचा त्यांना तिटकारा. पानावर मुंग्या चढल्यासारखं दिसतं, म्हणत. म्हणून त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचा रिवाज ठरलेला : दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं ते तिरक्या अक्षरात, चिन्हं न घालता. तिरकं ते दुसऱ्याचं, सरळ ते आपलं.

आता सगळंच सरळ होतं.

“मग काय बिघडलं?” यमाक्काने दारातून विचारलं. “शब्द आहेत ना सगळे?”

“आक्का, यात कुठलं वाक्य माझं आणि कुठलं दुसऱ्याचं ते कळत नाही आता. दुसऱ्याचं माझं म्हणून गेलं तर चोरी धरतात. प्रबंध जातो. माणूस जातो.”

“अरे, पण तुझं तुला कळेल की.”

सुशांतने पडद्यावरची दोन पानं वरखाली सरकवली.

बाबांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसले. “मी वाचतो. तू सांग. तुझं असेल ते काळंच राहू दे. दुसऱ्याचं असेल ते हिरवं कर.”

पहिल्या दिवशी सुशांतचा वेग चांगला होता.

“माझं,” तो म्हणे. “माझं. हे माझं. हे पण. हे... माझंच.”

“बाळा,” यमाक्का चहा ठेवता ठेवता म्हणाली, “बाकीच्यांनी काहीच लिहिलं नाही का रे या विषयावर?”

“आक्का, तुम्हाला नाही कळायचं.”

“ते बरंय,” ती म्हणाली आणि आत गेली.

बाबा वाचत होते. “अहं हा चेतनेच्या प्रांगणातील अनाहूत अतिथी होय.”

“माझं,” सुशांत म्हणाला. हे वाक्य त्याला फार आवडायचं. “हे तर शंभर टक्के माझं.”

बाबा थांबले. त्यांनी उजव्या हाताची बोटं हवेत हलवली, जणू समोर कळफलक आहे. एकदा हलवली, पुन्हा हलवली.

“हे माझ्या बोटांतून गेलंय,” ते म्हणाले.

ते कपाटाकडे गेले. मठाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका त्यांनी दुकानात असताना स्वतः टाइप केली होती. तिची एक प्रत कपाटात होती. पान सतरा. लेखक डॉ. पानवलकर.

सुशांतने ते पान दोनदा वाचलं.

“सरांनी माझं घेतलं असणार.”

बाबांनी मुखपृष्ठ उलटून त्याला साल दाखवलं. “तू तेव्हा कितवीत होतास?”

“...सातवीत.”

“हुशार असशील.”

सुशांतने ते वाक्य हिरवं केलं.  हे काळं राहिलं असतं आणि सोमवारी सरांच्या टेबलावर गेलं असतं... सरांना स्वतःचं वाक्य पाठ असतं. सगळ्या सरांना असतं.

शुक्रवारी तो खाली उतरला आणि खोलीवरची सगळी पुस्तकं पोत्यात भरून वर घेऊन आला. आता तो “माझं” म्हणण्याआधी पोत्यात हात घालायला लागला. तळटिपांच्या ढिगातून नावं उचलायची, पुस्तक शोधायचं, वाक्य शोधायचं. सापडलं की हिरवं. काही वाक्यं अशी निघाली, की अर्धं एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, आणि मधला ‘परंतु’ तेवढा सुशांतचा.

“तो राहू दे काळा,” बाबा म्हणाले.

“चेष्टा करताय.”

“नाही. ‘परंतु’ म्हणायला धाडस लागतं.”

शनिवारी दुपारपर्यंत पडदा इतका हिरवा झाला, की ताक घेऊन आलेली यमाक्का दारातच थबकली.

“औंदा पीक चांगलं आलंय,” ती म्हणाली.

सुशांत हसला नाही. त्याला खरोखर रडू येत होतं. “बाबा, चार वर्षं मी केलं काय? फक्त लोकांची वाक्यं तिरकी केली?”

बाबांनी पुढचं वाचलं.

“निवृत्त झालेला शिपाई घंटा वाजली की अजून उठून उभा राहतो. अहंकाराचंही तसंच. नोकरी सुटते, उभं राहणं सुटत नाही.”

“हे दुसऱ्याचं,” सुशांत थकून म्हणाला.

“कुणाचं?”

“असेल कुणा कीर्तनकाराचं. किती गावठी आहे. अशी भाषा मी लिहीत नाही.”

“पुस्तक काढ.”

सुशांतने पोतं उपसलं. शोधलं, पुन्हा शोधलं. ढिगातली नावं बोटाने मोजत खालपर्यंत गेला. त्या वाक्याला लागू पडेल अशी तळटीपच नव्हती.

“कोणता कीर्तनकार?” बाबांनी विचारलं.

सुशांतने ते वाक्य पुन्हा एकदा, हळू वाचलं.

“माझे वडील शाळेत शिपाई होते,” तो म्हणाला. “रिटायर झाल्यावरही... शाळा घरासमोरच आहे. घंटा झाली की ताटावरून उठायचे. आई ओरडायची.” तो थांबला. “हे मी पहिल्या वर्षी लिहिलं होतं. नंतर सरांची भाषा यायला लागली.”

यमाक्काने ताकाचा पेला त्याच्या हाताजवळ सरकवला. “पी,” ती म्हणाली. “नाहीतर आता तेही हिरवं होईल.”

या वेळी तो हसला.

रविवारी त्याने अशी आणखी काळी वाक्यं शोधली. मोजकीच होती. साधी, थोडी ओबडधोबड, बहुतेक पहिल्या वर्षातली. त्यांना त्याने एकत्र आणलं, हिरव्यांच्या खाली ज्याची त्याची नावं घातली, आणि दोघांच्या मधे जिथे स्वतःला काही म्हणायचं होतं तिथे नव्याने लिहिलं. लिहिताना तो मोठ्याने वाचत होता. यमाक्का मधून मधून “म्हणजे काय?” विचारत होती. आधी तो वैतागला. मग सोपं करून सांगू लागला, आणि सांगितलेलंच लिहू लागला. अखेर तीनशे बाराची एकशे चाळीस पानं झाली.

“एवढ्यात पीएच.डी. देतील?” त्याने विचारलं.

“माहीत नाही,” बाबा म्हणाले. “पण कुणी विचारलं तर उत्तर देशील.”

सोमवारी सकाळी नऊची एसटी पकडायची होती. सुशांतने प्रबंधाच्या तीन प्रती केल्या. एक स्वतःला मेल केली, एक सरांना, एक बाबांच्या कॉम्प्युटरवर ठेवली. ‘पुसा’ म्हणाला नाही.

निघायच्या आधी त्याने पडद्यावर प्रबंध शेवटचा एकदा चाळला. एकोणनव्वदाव्या पानावर त्याचा हात थांबला.

“बाबा, एक वाक्य राहिलंय.”

“वाच.”

“स्वतःला विसरायला बसलेला माणूस फार वेळ स्वतःजवळच बसून राहतो.”

दारात झाडणाऱ्या यमाक्काचा हात थांबला.

“तुझं?” बाबांनी विचारलं.

“नाही वाटत. एवढं मला कुठलं सुचायला?”

“मग दुसऱ्याचं.”

“पोत्यात कुठेच नाही. ढिगात नाव नाही. सरांचं नाही, मी सरांची सगळी पुस्तकं बघितली. तुमचं आहे का? बोलता बोलता तुम्ही कधी...”

“माझं नाही.”

“आक्का?”

“मला झाडू दे,” यमाक्का म्हणाली.

सुशांतने घड्याळ पाहिलं. साडेआठ. त्याने ते वाक्य हिरवं केलं. मग काळं केलं. मग पुन्हा हिरवं.

“काढून टाकू का?”

“चांगलं आहे. राहू दे.”

“पण राहू दिलं तर खाली नाव काय घालू? नाव नाही घातलं तर लोकांना ते माझं वाटेल. उद्या कुणी म्हणालं, हे माझं आहे, तर?”

“देऊन टाक.”

“आणि कुणीच नाही आलं तर?”

बाबांनी पेनड्राइव्ह काढला आणि त्याच्या उघड्या तळहातावर ठेवला.

“तर समज, एवढी एक ओळ तू लिहिलीस.”