नथूनं आधी विचारलं

नदीपलीकडच्या एका गावात एक भोळा सेवक होता, नाव नथू. भोळा हे आपलं तोंडदेखलं म्हणायचं. गावच्या वृद्धाश्रमात तो म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचा, जेवण भरवायचा. नोकरी कच्ची होती. ती पक्की झाली तरच मामा आपली मुलगी देणार होता, आणि नथूला त्या मुलीखेरीज दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून तो सांगितलेलं काम अगदी सांगितल्याबरहुकूम करायचा. तिथेच सगळं बिघडायचं.

आश्रम चालवायच्या कुमुदिनीबाई. त्या तालुक्याला शिबिराला गेल्या आणि येताना ‘पारदर्शकता’ हा शब्द घेऊन आल्या. तोवर आश्रमात कोणी कोणाला काही सांगत नसे आणि कोणाचं काही अडतही नसे.

एके सकाळी नथूनं सगळ्यांच्या कवळ्या एकाच बादलीत धुतल्या आणि हाताला आली ती कवळी दिसेल त्या वाटीत टाकली. दुपारी पंगतीत कोणाला भाकरी चावेना, कोणाचं तोंड मिटेना. नथू मान खाली घालून वाढत राहिला. शेवटी बाईंनीच हेरलं आणि बजावलं, की झाकायचं नाही. जे झालं ते सगळ्यांसमोर उभं राहून खणखणीत सांगायचं. नथूनं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी दिगंबरआबांचं अंथरूण ओलं झालं. आबा जुने हेडमास्तर, नुसते खाकरले तरी एके काळी शाळा चिडीचूप व्हायची. संध्याकाळच्या प्रार्थनेला नथू मधोमध उभा राहिला आणि ही बातमी खणखणीत जाहीर केली. गादी कुठवर ओली झाली, तेही हातानं दाखवलं. आबा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून जेवले.

“मी काही झाकलं नाही, बाई,” नथू छाती फुगवून म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला. असलं चारचौघांत बोलायचं नसतं, माणसाला बाजूला घ्यायचं आणि कानात हळूच सांगायचं, असं त्यांनी समजावलं.

मग एकदा स्वयंपाकीण दळण आणायला गेली आणि इकडे कढईतल्या तेलानं पेट घेतला. नथू धावत बाईंकडे आला. बाई पाहुण्यांशी बोलत होत्या. पाहुणे म्हणजे चारचौघंच की. तो हात बांधून उभा राहिला. त्यांचा चहा झाला, फाटकापर्यंत निरोप झाला, मग नथूनं बाईंना थेट लिंबाच्या झाडाखाली नेलं आणि कानाला लागून म्हणाला, “बाई, स्वयंपाकघर पेटलंय. कोणाला बोलू नका.”

तोवर फळ्या, डबे आणि खिडकीची चौकट गेली होती. बाई कडाडल्या, की गंभीर काही दिसलं तर माझी वाट बघत बसायचं नाही, फोन उचलायचा आणि बाहेर कळवायचं, घरच्यांना, डॉक्टरांना.

पुढच्याच आठवड्यात भागीरथीआजींनी मौनव्रत धरलं. दिवसभर उपास, डोळे मिटलेले, बोलणं बंद. नथूनं हाका मारल्या, हलवून पाहिलं, आजी ढिम्म. त्यानं आजींच्या मुलाला फोन लावला. आई बोलत नाही, जेवत नाही, डोळे उघडत नाही, एवढंच सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ज्या मुलाला वर्षानुवर्षं आईकडे फिरकायला सवड नव्हती, तो दुपारच्या आत भाऊबंद, बांबू आणि मडकं घेऊन हजर झाला. रडारड ऐकून आजींनी डोळे उघडले. मुलगा पाहिला, बांबू पाहिले आणि त्यातलाच एक उचलून त्याला फाटकापर्यंत पिटाळलं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही, व्रत मोडू दिलं नाही.

बाई संतापल्या. “कोणाबद्दल बाहेर काही कळवायचं असेल तर आधी त्याच माणसाला विचारायचं. तो हो म्हणाला तरच कळवायचं. यापुढे एक जरी चूक झाली, तर ट्रंक उचल आणि चालू लाग.”

नथूच्या डोळ्यांपुढे मामाची मुलगी आली, आणि तिच्या शेजारी बाशिंग बांधलेला भलताच कोणी. आता चुकायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं.

एके दिवशी नथूनंच पुसलेल्या ओल्या फरशीवरून कुमुदिनीबाई ऑफिसात घसरल्या. डोकं टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि पडल्या त्या हलेनात. नथू चारचौघांत ओरडला नाही. त्यानं दार लोटलं, शेजारी बसला, कानाशी तोंड नेलं आणि अदबीनं विचारलं, “बाई, तुम्ही पडलात. डॉक्टरांना कळवू का?”

बाई काही बोलल्या नाहीत. त्यानं पुन्हा विचारलं. मग पुठ्ठ्यानं वारा घालत बसला.

त्या दिवशी डॉक्टर म्हाताऱ्यांना तपासायला आश्रमातच आले होते. निघताना त्यांनी दार वाजवलं. नथूनं ते बोटभर उघडलं. डॉक्टर समोर उभे होते खरे, पण बाईंचा होकार कुठे आला होता?

“बाई आहेत का आत?” डॉक्टरांनी विचारलं.

“आहेत की,” नथू हलक्या आवाजात म्हणाला. “माझं विचारून झालंय, डॉक्टरसाहेब. त्यांचं उत्तर यायचंय. ते आलं की पहिला फोन तुम्हालाच करतो.”

डॉक्टरांना ही अदब फार आवडली. बाईंनी माणसं चांगली तयार केलीत, असं म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. नथूनं दार लोटून घेतलं आणि तो बाईंच्या उत्तराची वाट बघत बसला.