कोठाराच्या दारातली टोपली

एका डोंगरी किल्ल्यावर तोफांच्या दारूचं कोठार होतं, आणि कोठाराच्या दारात एक पहारेकरी. त्याच्याजवळ वेताची टोपली असे. आत जाणारा लहान असो की थोर, त्याने जोडे बाहेर काढायचे आणि कमरेची चकमक टोपलीत टाकायची. खुद्द किल्लेदारालाही तो हात जोडून अडवायचा, "सरकार, चकमक." आत एक ठिणगी पडली तर किल्ल्यावरची सगळी घरं जाणार, आणि त्यात त्याचंही घर होतं.

पण पगार म्हणाल तर पोटाला पुरेना. शेवटी तो किल्लेदाराकडे गेला.

"सरकार, एवढ्यात घर चालत नाही. थोडा वाढवून द्या."

"दारात उभं तर राहायचं," किल्लेदार म्हणाला. "तुझ्यासारखे छप्पन्न मिळतील."

बिचारा काय करणार? पायथ्याच्या गुऱ्हाळात कामाला जाऊ लागला. तिथे मजुरी बरी होती. बायको-मुलं मात्र वरच राहिली.

छप्पन्न मिळाले खरे, पण टिकला एकही नाही. चार दिवस उभं राहायचं, बरं काम दिसलं की काठी ठेवून चालू लागायचं. जाणाऱ्याने येणाऱ्याला रीत सांगावी, एवढीही सवड कोणाला नव्हती. टोपलीत कोणीतरी कांदे भरून ठेवले.

एके दुपारी काहिलीतला रस ढवळताना पहारेकऱ्याने वर पाहिलं. धूर उठत होता, तोही कोठाराच्या बाजूने. हातातलं टाकून तो चढ चढत धावला.

मुलं अंगणात खेळताना दिसली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. कोठाराच्या पायरीवर किल्लेदार बसला होता, अर्धी मिशी जळालेली. कमरेची चकमक फरशीवर पडून ठिणगी उडाली होती. दाराजवळ सांडलेली मूठभर दारूच पेटली, म्हणून सगळे वाचले.

नवा पहारेकरी थरथरत होता. "मी कालच आलो. सरकारांना अडवायचं असतं, हे मला कोणी सांगितलंच नाही."

"चूक माझीच," किल्लेदार खालमानेने जुन्या पहारेकऱ्याला म्हणाला. "तू परत ये बाबा. मागशील तेवढा पगार देतो."

पहारेकऱ्याला मोह पडला, खोटं कशाला बोला. पण त्याने त्या थरथरणाऱ्या माणसाकडे पाहिलं.

"एकट्या मला नको, सरकार. मी घरी जेवायला जाईन तेव्हा दारात हा असेल. याचंही घर चालेल असा पगार ठरवा, आणि पहाऱ्यावर येईल त्या प्रत्येकाला तोच द्या."

तसंच ठरलं. टोपलीतले कांदे निघाले. पुढे किल्लेदार कोठार पाहायला आला, तेव्हा दारात तो नवाच पहारेकरी होता. त्याने घाबरत घाबरत हात जोडले, "सरकार, चकमक."

किल्लेदाराने उरलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि चकमक मुकाट्याने टोपलीत टाकली.

तात्पर्य: ज्याच्या पहाऱ्यावर गाव निर्धास्त झोपतं, त्याला अर्धपोटी उभं करू नये.